व्हायरल लोड सांगत नाही ते विचारायचं कसं?

एचआयव्हीच्या उपचारात डॉक्टर सगळ्यात आधी बघतात तो व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती सापडल्या तो आकडा. एआरटीच्या, म्हणजे या विषाणूला आवरणाऱ्या औषधांच्या, गोळ्या रोज घेतल्या की बहुतेकांच्या बाबतीत तो इतका खाली येतो, की चाचणीला विषाणू सापडतच नाही. तो तसाच खाली राहिला तर प्रकृती सावरते आणि लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गेल्या काही दशकांतल्या वैद्यकशास्त्राची ही फार मोठी कमाई आहे. रिपोर्ट चांगला आला की डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही जीव भांड्यात पडतो, यात नवल नाही.

पण असा उत्तम रिपोर्ट हातात असलेल्या माणसाला कित्येक आठवडे धड झोप लागलेली नसू शकते. तळपायांना मुंग्या येत असतील, दारू वाढली असेल, घरात मारहाण होत असेल, कुणी गोळ्या बघेल या धास्तीने पाहुणे आले की डोस चुकत असेल. यातलं काहीही रक्ताच्या नळीत दिसत नाही. ते विचारावंच लागतं, आणि कसं विचारायचं हा आता अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला आहे.

तपासणीच्या खोलीत सहसा प्रश्न येतो तो असा : ‘गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?’ यावर ‘हो’ म्हणणं सोपं. बाहेर रांग आहे, डॉक्टरांना नाराज करायचं नाही, शिवाय या आजाराला चिकटलेली लाज आहेच. त्यामुळे होकार मिळतो आणि तोच केसपेपरवर उतरतो. आपल्या त्रासाबद्दल रुग्ण स्वतः जे सांगतो आणि डॉक्टर जे नोंदवतात, त्यात तफावत पडते, हे अनेक आजारांत दिसून आलं आहे. बहुधा डॉक्टरांच्या नोंदीत त्रास कमी असतो. म्हणूनच रुग्णाचं उत्तर मध्ये कुणीही अर्थ न लावता, जसंच्या तसं नोंदवायचं, हा रुग्णाकडूनच थेट प्रश्नावली भरून घेण्याच्या पद्धतीचा पाया आहे.

यंत्रापुढे माणूस जास्त मोकळा होतो का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक यांनी १९६०च्या दशकातच संगणकाकडून रुग्णांचा पूर्वेतिहास विचारून घेतला होता, आणि १९६६ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एचआयव्हीच्या दृष्टीने जास्त बोलका पुरावा मात्र १९९८ सालचा आहे. अमेरिकेतल्या १५ ते १९ वयाच्या मुलांच्या एका सर्वेक्षणात काहींना छापील प्रश्नावली दिली, तर काहींना हेडफोनमधून प्रश्न ऐकवून संगणकावर उत्तर द्यायला सांगितलं. दुसऱ्या मुलाशी किंवा पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर दीड टक्का मुलांनी लिहिलं. संगणकावर हे प्रमाण साडेपाच टक्के निघालं. प्रश्न तेच होते. बदलली होती ती फक्त आपलं उत्तर कुणी बघेल ही भीती. हेडफोनचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही मदतनिसाशिवाय उत्तर देता येतं.

एचआयव्हीच्या दवाखान्यांत ही पद्धत रोजच्या कामात आणली ती अमेरिकेतल्या सीएनआयसीएस या संशोधन-जाळ्यातल्या केंद्रांनी. डॉक्टरांकडे जाण्याआधी रुग्ण टॅबवर सुमारे दहा-बारा मिनिटांत प्रश्नावली भरतो. दर चार-सहा महिन्यांनी ती पुन्हा भरायची. जो दारू घेतच नाही त्याला किती घेता, कधी घेता हे पुढचे प्रश्न दिसत नाहीत, टॅब ते आपोआप गाळतो.

या प्रश्नांची घडण जवळून बघण्यासारखी आहे. एचआयव्हीसाठी तयार केलेल्या एका लक्षणसूचीत वीस लक्षणं आहेत. थकवा, चक्कर, हातापायांत वेदना किंवा बधिरपणा, विसरभोळेपणा, झोप न लागणं, लैंगिक अडचणी, शरीरावरच्या चरबीत झालेला बदल वगैरे. प्रत्येकासमोर साधं हो-नाही नसतं. ‘हे लक्षण मला नाही’, ‘आहे, पण त्रास नाही’, ‘थोडा त्रास होतो’, ‘त्रास होतो’, ‘फार त्रास होतो’, असे पाच पर्याय असतात. मला ही रचना फार मोलाची वाटते. एखाद्याला केस गळण्याचं काहीच वाटत नाही, तर दुसरा त्यामुळे घराबाहेर पडायचं टाळतो. कुठल्या त्रासाला आधी हात घालायचा, हे इथे रुग्ण ठरवतो.

डोस चुकण्याबद्दलचा प्रश्नही असाच विचारपूर्वक मांडलेला असतो. ‘औषध रोजच्या रोज घेणं बऱ्याच जणांना जमत नाही’ असं आधी सांगायचं आणि मग गेल्या चार आठवड्यांत किती जमलं ते विचारायचं. चुकलं असेल तर ते कबूल करायची वाट अशी मोकळी होते. तरीही लोक आपली बाजू थोडी चढवूनच सांगतात. टॅब आला म्हणून संकोच पार नाहीसा होत नाही. ‘सगळे डोस घेतले’ या उत्तरावर पूर्ण विसंबता येत नाही. ‘चुकले’ हे उत्तर मात्र सहसा खरं असतं आणि कामाचंही असतं, कारण व्हायरल लोड वर चढण्याआधीच बोलायला विषय मिळतो.

उत्तरांवरून औषधही बदलता येतं. एफाविरेन्झ हे औषध बरीच वर्षं पहिल्या फळीच्या उपचारात होतं. विषाणूला ते नीट आवरायचं, पण काहींना चक्कर, भयंकर स्वप्नं आणि नैराश्य द्यायचं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिली पसंती डोल्युटेग्राविरला दिली. ते सोसायला बरंच सोपं आहे, तरी काहींची झोप त्यानेही उडते, काहींचं वजन वाढतं. या गोष्टी रुग्णाने सांगितल्या तरच कळतात. त्या मनात ठेवून तो औषधच सोडून बसला, तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

सगळ्यात नाजूक प्रश्न नैराश्याच्या प्रश्नावलीतला. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न विचारतो, की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. समजा कुणी ‘जवळजवळ रोज’ यावर बोट ठेवलं आणि ते उत्तर सर्व्हरवर पडून राहिलं. यापेक्षा न विचारलेलं बरं होतं, असं मी म्हणेन. माणसाने मोठ्या धैर्याने सांगितलं आणि पलीकडे कुणी नव्हतंच! म्हणून चांगल्या व्यवस्थेत अशा उत्तराची सूचना लगेच डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाते, आणि तो माणूस दवाखान्यातून निघण्याआधी कुणीतरी त्याच्याशी बोलतं. हे कोण करणार, तो माणूस रजेवर असेल तर कोण, हे पहिला टॅब विकत घेण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

उत्तर वेळेत योग्य माणसापर्यंत पोहोचलं तर किती फरक पडतो, याचा ठसठशीत पुरावा कर्करोगाच्या उपचारातून आला आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातल्या ७६६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. केमोथेरपी घेताना जे आपली लक्षणं संगणकावर नोंदवत होते, त्यांचं मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने भरलं. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचं २६ महिने. लक्षण बळावलं की नर्सला ईमेल जायचा, ही तिथली कळीची गोष्ट. एचआयव्हीचं गणित वेगळं आहे, हे आकडे इथे उचलून लावता येणार नाहीत. पण सूचना मिळताच कुणीतरी हालचाल करायची, हा भाग दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

आता प्रश्नावली टॅबवरून रुग्णाच्या स्वतःच्या फोनवर जाऊ लागली आहे. दवाखान्यात येणं ज्यांना अवघड जातं, त्यांच्यापर्यंत पोहोचायला हे चांगलंच. पण घरात एकच फोन चौघांच्या हाती असेल, तर जी लाज टाळायला हा सगळा खटाटोप केला तीच एका नोटिफिकेशनमधून घरात शिरते. त्यामुळे संदेशात आजाराचं, औषधाचं किंवा दवाखान्याचं नाव नको. प्रश्नावली वेगळ्या पिनने उघडावी, अर्धवट सोडली तर काही मिनिटांत आपोआप बंद व्हावी, आणि भरलेली उत्तरं फोनमध्ये राहू नयेत. ज्याला हे फोनवर नकोच असेल, त्याच्यासाठी दवाखान्यातला टॅब आणि बसायला आडोशाची जागा कायम ठेवावी.