तिसरीतल्या मुलांनी मागितलेला राज्यकीटक

ठाण्याजवळ ओवळ्याला किंवा येऊरला पावसाळा सरताना खुळखुळ्याच्या सुकलेल्या फांदीपाशी थांबावं. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर ही फुलपाखरं फांदीला लगडलेली असतात, त्यात नरच जास्त. वाळक्या देठातली कडू द्रव्यं ते शोषतात आणि त्यांतून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. दोघंही स्थलांतर करणारे.

यातला स्ट्राइप्ड टायगर अमेरिकेतल्या मोनार्कचा भाऊबंद, दोघांची प्रजाती (जीनस) एकच, डॅनॉस. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत तर त्याचं शास्त्रीय नावही प्लेक्सिपस असंच छापलंय. ते नाव मोनार्कचंच, हा निवाडा १९५४ साली झाला.

या मोनार्कला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १९७५ मध्ये राज्यकीटक केलं. आदल्या वर्षी डेकेटर गावच्या तिसरीतल्या मुलांनी तशी मागणी केली होती. गंमत म्हणजे तोवर मोनार्क हिवाळा कुठे काढतो, हे शास्त्रज्ञांना माहीत नव्हतं. टोरांटोचे फ्रेड अर्कहार्ट आणि पत्नी नोरा कित्येक वर्षं स्वयंसेवकांकरवी मोनार्कच्या पंखांना चिठ्ठ्या डकवत होते. जानेवारी १९७५ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना मेक्सिकोच्या डोंगरात, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, मोनार्कने झाकलेली झाडं सापडली. तिथल्या गावकऱ्यांना त्यात नवल नव्हतं, पण त्यांना विचारलं होतं कोणी?

वर्षभराने अर्कहार्ट स्वतः तिथे गेले. भाराने एक फांदी मोडली, आणि खाली पडलेल्या फुलपाखरांत एक चिठ्ठीवालं निघालं. ती चिठ्ठी मिनेसोटातल्या चॅस्का गावी एका शिक्षकाने आणि दोन शाळकरी मुलांनी लावली होती. पुन्हा मुलंच! मिनेसोटाने मोनार्कला राज्य फुलपाखरू केलं ते मात्र २००० साली. त्याआधीच १९९५ मध्ये टेक्सासनेही त्याला राज्यकीटक करून घेतलं होतं.

आपल्याकडे मान मिळाला ब्लू मॉर्मनला, म्हणजे नीलवंताला. २२ जून २०१५ रोजी राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत निर्णय झाला आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण यांच्या पंगतीत तो बसला. पण हा मोनार्कसारखा लांबच्या वाऱ्या करणारा नव्हे, इथलाच रहिवासी. ठाण्यातल्या गॅलरीतल्या लिंबाच्या पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काही दिसलं, तर पुसायच्या आधी काडीने हळूच डिवचून बघा. डोक्यामागून दोन शिंगं काढून आंबट वास सोडला, तर ती अळी नीलवंताची असू शकते. त्याच्या जातभाईंच्या अळ्याही अगदी तशाच दिसतात म्हणा.