पॉल वाइट ऊर्फ बिग शो : पहिल्याच लढतीत मिळालेला पट्टा

पॉल वाइट, म्हणजे जगाच्या परिचयाचा बिग शो, याच्याइतकी मोठी शक्यता घेऊन अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत फार थोडे मल्ल उतरले. त्या शक्यतेचे सोने झाले का, यावर कुस्तीशौकिनांमध्ये आजही एकमत नाही. त्याच्या नावावरची विजेतेपदे मोजणारे त्याला यशस्वी ठरवतात, तर त्याच्या लढती वर्षानुवर्षे पाहिलेल्यांना काहीतरी वाया गेल्याची हळहळ वाटते. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, पण दोष मल्लाचा नाही. तो ज्या काळात आणि ज्या व्यवस्थेत रिंगमध्ये आला, तिथे या प्रश्नाचे मूळ आहे.

आखाड्यातल्या कुस्तीत हा प्रश्न तुलनेने सरळ असतो. कोण चितपट झाला हे पंचांसह सगळ्यांना दिसते. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, आणि 1989 मध्ये तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला कार्यक्रम खेळ नसून मनोरंजन असल्याचे स्वतःच सांगून टाकले. तेव्हा जय-पराजयांची बेरीज मल्लाचे कर्तृत्व सांगत नाही; ती कंपनीने त्याला कसे वापरले हे सांगते. जुने प्रवर्तक म्हणून एकच कसोटी लावत : या माणसाच्या नावावर तिकिटे खपतात का? पुढे टीव्हीची प्रेक्षकसंख्या आली, आणि कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझर यांच्या वृत्तपत्रिकेने लढतींना तारे देण्याची पद्धत रूढ केल्यावर लढतीची गुणवत्ता ही तिसरी कसोटी झाली. आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या शाळकरी मुलांच्या हातात डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे होती, त्यांवर उंची, वजन, छाती, दंड आणि रँक छापलेली असे; त्या हिशेबात अवाढव्य मल्ल बहुतेक रकान्यांत आपोआप जिंकत असे. प्रत्यक्ष रिंगमध्ये मात्र महाकाय माणसाला वापरणे हेच या धंद्यातले सर्वांत अवघड काम आहे.

ते काम एकदा उत्तम रीतीने झाले होते. आंद्रे द जायंट हा फ्रान्सहून आलेला महाकाय मल्ल 1973 पासून प्रवर्तक व्हिन्स मॅकमहोन सीनियर यांच्या व्यवस्थापनाखाली होता. त्या काळी अमेरिकेची कुस्ती प्रादेशिक कंपन्यांमध्ये वाटलेली होती. प्रत्येकीचा आपला इलाखा आणि आपला स्थानिक टीव्ही कार्यक्रम असे, आणि 1948 मध्ये स्थापन झालेली नॅशनल रेसलिंग अलायन्स त्यांतल्या बहुतेकांना एकत्र बांधून होती. मॅकमहोन यांनी आंद्रेला एका जागी राहू दिले नाही. तो एका इलाख्यात थोडे दिवस राही, सभागृह भरवी आणि नवलाई ओसरण्याआधी पुढच्या इलाख्यात जाई. त्यामुळे कुठल्याच गावाला तो सवयीचा झाला नाही. म्हणूनच 29 मार्च 1987 रोजी पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगनने त्याला उचलून आपटले, तेव्हा त्या क्षणाला चौदा वर्षांच्या जपणुकीचे वजन होते.

वाइट आला तेव्हा ही व्यवस्था मोडून पडली होती. डब्ल्यूडब्ल्यूएफचे मालक झालेल्या धाकट्या मॅकमहोन यांनी ऐंशीच्या दशकात देशभर पसरून प्रादेशिक कंपन्या निष्प्रभ केल्या, आणि 4 सप्टेंबर 1995 रोजी डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने 'नायट्रो' हा टीव्ही कार्यक्रम सुरू केल्यावर दर सोमवारी दोन कंपन्यांची समोरासमोर झुंज लागली. पुढच्या सोमवारी प्रेक्षक आपल्याकडे वळेल असे काहीतरी दर आठवड्याला हवे होते. सात फूट उंचीचा, विचिटा स्टेट विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेला, आणि त्या देहानिशी उडी मारून दोन्ही पायांची ड्रॉपकिक घालू शकणारा तेवीस वर्षांचा तरुण या घाईच्या नेमका हाती लागला. त्याला 'द जायंट' हे नाव देऊन आंद्रेचा मुलगा म्हणून उभे करण्यात आले. या नात्यात तथ्य नव्हते.

29 ऑक्टोबर 1995 ची डेट्रॉइटमधली 'हॅलोवीन हॅवॉक' ही रात्र तपशिलात पाहण्यासारखी आहे. आधी कोबो हॉलच्या छतावर, तेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यूचा विजेता असलेला होगन आणि जायंट यांनी अजस्र चाकांचे ट्रक एकमेकांना भिडवले, नंतर दोघांची झटापट झाली आणि जायंट छतावरून खाली पडल्याचे दाखवले गेले. त्याच रात्री तो जो लुईस अरेनात, अंगावर ओरखडाही नसताना, विश्वविजेतेपदाच्या लढतीसाठी चालत आला. होगनचा व्यवस्थापक जिमी हार्ट फितूर झाला, होगन बाद ठरला आणि करारातल्या एका कलमाचा आधार घेऊन पट्टा जायंटला मिळाला. डब्ल्यूसीडब्ल्यूमधली ही त्याची पहिलीच लढत होती. पुढच्या महिन्यात तो पट्टा काढून घेतला गेला आणि साठ मल्लांच्या झुंडकुस्तीतून (एकाच वेळी अनेक मल्लांची लढत) रँडी सॅव्हेजकडे गेला.

मला सगळा प्रकार इथेच बिघडलेला दिसतो. ज्या मल्लाला सर्वोच्च विजेतेपदाकडे दोन-तीन वर्षे चढत नेता आले असते, त्याला ते पहिल्याच रात्री, तेही फितुरी आणि कलमबाजीतून, देऊन टाकल्यावर प्रेक्षकाने कशाची वाट पाहायची? एप्रिल 1996 मध्ये त्याने रिक फ्लेअरला हरवून पट्टा पुन्हा मिळवला आणि तो उन्हाळा त्याने रुबाबात गाजवला. ऑगस्टमध्ये होगनने त्याला हरवले, आणि महिन्याभरातच तो होगनच्याच एनडब्ल्यूओ टोळीत सामील झाला. महाकाय माणूस टोळीतला एक गडी झाला की त्याचे महाकायपण संपते.

फेब्रुवारी 1999 मध्ये तो दहा वर्षांच्या करारावर डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला. रिंगचा तळ फाडून तो वर आला आणि त्याने कंपनीचे मालक मॅकमहोन यांच्याशी पिंजऱ्यात लढणाऱ्या स्टीव्ह ऑस्टिनला जाळीवर असे फेकले की जाळी उघडून ऑस्टिन बाहेर पडला आणि सामनाच जिंकला. प्रवेश दणदणीत होता, पण पहिल्याच रात्री त्याचा डाव त्याच्या मालकावर उलटला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याच जो लुईस अरेनात त्याला डब्ल्यूडब्ल्यूएफचे विजेतेपद मिळाले, तेही जायबंदी ऑस्टिनच्या जागी आयत्या वेळी उभा राहिलेला बदली म्हणून. 3 जानेवारी 2000 रोजी ते ट्रिपल एचकडे गेले. रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमातल्या चौघांच्या लढतीत तो सर्वांत आधी बाद झाला, मग काही काळ इतर मल्लांच्या नकला करू लागला, आणि त्याच वर्षी वजन कमी करण्यासाठी त्याला लुईव्हिलच्या प्रशिक्षण कंपनीत धाडण्यात आले. शरीराकडे त्याचे दुर्लक्ष झाले होते हे खरे आहे, आणि त्याची तेवढी जबाबदारी त्याच्याकडे जाते. पण नायकाचा खलनायक आणि खलनायकाचा नायक त्याला इतक्या वेळा करण्यात आले की प्रेक्षकाने त्याच्यावर प्रेम करायचे की त्याला घाबरायचे हे ठरणेच अशक्य झाले, आणि तो निर्णय त्याचा नव्हता.

योग्य वापर झाला तेव्हा काय घडत असे, याचेही दाखले आहेत. नोव्हेंबर 2002 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ब्रॉक लेस्नरला डब्ल्यूडब्ल्यूईतला पहिला चितपट पराभव दिला. जून 2003 मध्ये लेस्नरने त्याला दोरावरून उचलून आपटले आणि अख्खी रिंग खाली बसली. हा क्षण दुसऱ्या कुठल्या देहाने साधलाच नसता. डिसेंबर 2006 मध्ये ईसीडब्ल्यू या डब्ल्यूडब्ल्यूईच्याच शाखेचे विजेतेपद गमावून तो वर्षभराहून अधिक काळ पडद्याआड गेला. फेब्रुवारी 2008 मध्ये बराच सडपातळ होऊन परतला, तेव्हा मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरने रिंगमध्ये त्याचे नाक खरोखरच फोडले, आणि दोघांची रेसलमेनियातली लढत कुस्ती न पाहणाऱ्यांपर्यंतही पोहोचली. ऑरलँडोत 70 हजारांहून अधिक प्रेक्षक होते. ही लढत तो हरला, तरी त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा बहर मला हाच वाटतो, आणि त्याआधीची दीर्घ अनुपस्थिती हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. आंद्रेला जे इलाख्यांच्या फिरतीने मिळत होते, ते वाइटला एकदाच, घरी बसल्यामुळे मिळाले.

कंपनीने मात्र यातून काही घेतले नाही. डिसेंबर 2011 मध्ये मार्क हेन्रीला हरवून त्याने मिळवलेले वर्ल्ड हेवीवेट विजेतेपद 45 सेकंद टिकले. डॅनियल ब्रायन आला आणि घेऊन गेला. या पट्ट्यामुळे डब्ल्यूसीडब्ल्यू, डब्ल्यूडब्ल्यूई, ईसीडब्ल्यू आणि वर्ल्ड हेवीवेट ही चारही सर्वोच्च विजेतेपदे त्याच्या नावावर झाली. विजेतेपदांची यादी किती फसवी असते, याचा याहून ठळक पुरावा नाही.

आंद्रेशी त्याची तुलना करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दोघांच्याही देहामागे पियुषिका ग्रंथीच्या बिघाडातून होणारा ॲक्रोमेगली हा विकार होता. आंद्रेने त्यावर उपचार घेतले नाहीत. शेवटच्या वर्षांत त्याला धड चालता येत नव्हते आणि जानेवारी 1993 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, तो गेला. वाइटची शस्त्रक्रिया विशीच्या सुमारास झाली आणि त्याची वाढ थांबली. 2015 मध्ये त्याने आंद्रेच्याच स्मरणार्थ होणारी झुंडकुस्ती जिंकली, आणि 2021 मध्ये, वयाच्या 49 व्या वर्षी, एईडब्ल्यू या नव्या कंपनीत समालोचक आणि मल्ल म्हणून तो रुजू झाला.