ड्रेनच्या पिशवीतला आकडा

स्वादुपिंडाच्या डोक्यातली, म्हणजे आतड्याला लागून असलेल्या रुंद भागातली गाठ काढायची तर बहुतेक वेळा व्हिपल ऑपरेशन करावं लागतं. अमेरिकी सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ते मांडलं. गाठीसकट स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढायचा. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडायचं. यातला स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात बेभरवशाचा. तिथून झिरपलेला पाचक रस पोटात साचला तर रक्तवाहिनीची भिंतही खाऊ शकतो.

म्हणून पोटात ड्रेन, म्हणजे साचणारा द्रव बाहेरच्या पिशवीत आणणारी नळी ठेवतात. नातेवाईक पिशवीतल्या पाण्याचा रंग बघतात, डॉक्टर त्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचक एन्झाइमही तपासतात. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी ते लिटरमागे ५००० युनिटच्या खाली असेल, तर तिसऱ्या दिवशी नळी काढता येते. पूर्वी ‘गळती’ कशाला म्हणायचं हे जो तो आपापलं ठरवी, त्यामुळे दोन रुग्णालयांची तुलनाच होत नसे. २००५ मध्ये एक व्याख्या ठरली: तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं अमायलेज रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त. २०१६ मध्ये ती सुधारली. नुसता आकडा वाढला, पण रुग्णाला त्याचा त्रास झाला नाही, तर ती गळती धरायची नाही. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते, कारण तिच्यात रुग्णावर काय बेतलं हे आधी येतं.

ऑपरेशननंतर रुग्णाला लवकर उठवून हिंडतं-फिरतं करण्याची पद्धत डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांत रुजवली. स्वादुपिंडासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आली. भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं, नाकातली नळी सरसकट ठेवायची नाही, सलाईन बेताचं, सोसेल तसं जेवण आणि पहिल्या दिवसापासून चालणं. ‘अजून टाके ओले आहेत’ म्हणून घरचे घाबरतात, पण पडून राहिल्याने छातीत कफ साचतो आणि पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

मात्र डिस्चार्ज लवकर झाला म्हणजे रुग्ण बरा झाला, असं धरू नये. ताप घेऊन तो आठवड्यात परत आला, तर वाचलेल्या दिवसांना काय अर्थ? म्हणून पुन्हा भरती किती झाले आणि ९० दिवसांत किती दगावले, हेही मोजायला हवं. नेदरलँड्समध्ये १७ केंद्रांनी रोजच्या तपासण्यांवरून सीटी स्कॅन कधी करायचा, साचलेला द्रव कधी काढायचा याचे नियम बांधले. गुंतागुंत लवकर पकडली गेली आणि ९० दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन तेच होतं, फरक पडला तो नंतरच्या लक्ष ठेवण्याने.

काही गोष्टी मात्र रुग्णालाच विचाराव्या लागतात. वजन उतरतंय का? शौच तेलकट, चिकट होते का? तसं असेल तर पाचक रस कमी पडतोय. एन्झाइमची कॅप्सूल जेवणाच्या आधी किंवा नंतर नव्हे, जेवतानाच घ्यायची, हे पुष्कळांना नीट सांगितलेलंच नसतं. शिवाय साखर वाढू शकते, म्हणून तीही तपासत राहावी लागते.