न विकल्या जाणाऱ्या गोष्टींचं मोल

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन वाल्डीझ' हे तेलवाहू जहाज अलास्काजवळ खडकावर आदळलं आणि १ कोटी गॅलनहून अधिक कच्चं तेल समुद्रात पसरलं. मच्छीमारांचं नुकसान हिशेबात मांडता येत होतं. पण तो किनारा कधीच न पाहिलेल्या माणसालाही तो स्वच्छ राहावा असं वाटतं, त्याची भरपाई किती धरायची? स्वच्छ समुद्र किंवा शुद्ध हवा यांतून कुणाला वगळता येत नाही, म्हणून त्यांना बाजारभावही नसतो.

मग संशोधकांनी लोकांनाच विचारायचं ठरवलं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या हजारभर घरी जाऊन, नकाशे आणि फोटो दाखवून त्यांनी एक योजना मांडली: तिथल्या प्रत्येक तेलवाहू जहाजाबरोबर दोन संरक्षक जहाजं जातील, त्यासाठी तुमच्या घराला एकदाच जादा कर पडेल. तुमचं मत बाजूने की विरोधात? कराची रक्कम कुणाला १० डॉलर सांगितली, कुणाला ३०, ६० किंवा १२०. कर म्हटला की माणूस खिसा चाचपून बोलतो. उत्तरांवरून दर कुटुंबामागे सुमारे ३१ डॉलर हा मध्यक (निम्मी कुटुंबं याहून जास्त द्यायला तयार, निम्मी कमी) निघाला आणि देशभराचा हिशेब २.८ अब्ज डॉलरवर गेला.

यावर वाद पेटला. एक्सॉनच्याच पैशांतून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तेलाच्या उघड्या तळ्यांत मरणारे पक्षी जाळी टाकून वाचवायला किती द्याल, असं तीन गटांना विचारलं. पहिल्या गटाला २,००० पक्षी सांगितले, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर! पक्षी शंभरपट झाले, रक्कम जवळपास होती तिथेच. लोकांनी पक्षी मोजले नव्हते, आपली कळकळ सांगितली होती. १९९३ मध्ये केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्यांच्या समितीने ही पद्धत कडक अटी घालून ग्राह्य धरली.

मला यात लोकांचा दोष दिसत नाही. अनोळखी माणसाला, एकट्याने, एका बैठकीत उत्तर द्यायचं. कुणाशी चर्चा नाही, विचार बदलायला उसंत नाही. असं उत्तर कच्चंच राहणार.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासूनच वेगळी वाट धरली होती. शहराच्या विकासकामांचा अग्रक्रम नागरिकांच्या सभा ठरवू लागल्या. निर्णयाआधी वस्त्यांचे प्रतिनिधी बसमधून एकमेकांच्या वस्त्या बघायला जात. आपल्या गल्लीचा रस्ता मागायला आलेला माणूस तिथे दुसऱ्यांची सांडपाण्यातली घरं बघे. पैशांच्या वाटपातही लोकसंख्येबरोबर सुविधांच्या तुटवड्याला गुण असत. मात्र सभेला येतो तो सवड असलेला माणूस, ही यातली खरी अडचण.

आयर्लंडने २०१६ मध्ये त्यावर उपाय केला: समाजाचं प्रतिबिंब पडेल अशा बेताने ९९ सामान्य नागरिक निवडून त्यांची सभा बसवली. २०१७ मध्ये हवामानबदलावर तज्ज्ञांना ऐकून, आपसात बोलून त्यांनी मतदान केलं. जास्त कार्बन सोडणाऱ्या गोष्टींवर स्वतः अधिक कर भरायला ८० टक्के सदस्य तयार होते.