पायाची धमनी खराब म्हणजे टावी होणारच नाही? असं नाहीये!

मांडीची धमनी अरुंद असली की कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, हृदयाची झडप बदलणं (टावी) बाद, छातीच उघडावी लागणार, हे वर्षानुवर्षं फिरतंय. चूक आहे हो! मांडी पहिली पसंती खरी, पण साधारण 5 मिमी तरी रुंद धमनी लागते, ती नसेल तर सीटी स्कॅन बघून कॉलरबोनखालच्या धमनीतून जातात, नाहीतर मानेतल्या कॅरोटिडमधून, काही ठिकाणी तर पोटातल्या मोठ्या शिरेतून शेजारच्या महाधमनीत भोक पाडून आत शिरतात आणि नंतर ते प्लगने बंद करतात. आणि 2002 मध्ये फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ आलां क्रिबिए यांनी केलेली पहिली टावीसुद्धा धमनीतून नव्हतीच, शिरेतून हृदयाचा पडदा ओलांडून गेले होते. त्यामुळे नुसतं "पायातून जमत नाही" ऐकून परत येऊ नका, दुसरा रस्ता तपासला का ते विचाराच.