रिपीटर कोण अडवतंय?

हौशी रेडिओच्या रिपीटरवर, म्हणजे दुबळा सिग्नल ऐकून तो जोरात पुन्हा सोडणाऱ्या उंचावरच्या केंद्रावर, बोलणं चालू असताना मध्येच कुणी शीळ घालतं, गाणं वाजवतं किंवा नुसतंच बटण दाबून बसतं. संशय लगेच माणसावर जातो, आणि बऱ्याचदा घाईने जातो. मुद्दाम त्रास देणारे असतातच; पण त्यांच्या खात्यावर जमा होणारा पुष्कळसा गोंगाट यंत्रांचा, हवेचा किंवा कुणाच्या तरी विसराळूपणाचा असतो. म्हणून आधी निरपराध कारणं एकेक करून बाद करायची आणि मगच माणसाच्या मागे लागायचं.

समजा, गोव्यातला एखादा रिपीटर १४५.००० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि तेच १४५.६०० वर पुन्हा सोडतो. आपण सगळे १४५.६०० ऐकत असतो, त्यामुळे त्रास देणारा वास्कोत आहे की फोंड्यात, हे त्या आवाजावरून कळूच शकत नाही. कानावर येतो तो रिपीटरचा सिग्नल. एफएमचा स्वभावही इथे आडवा येतो. एक सिग्नल दुसऱ्यापेक्षा काही डेसिबलनी वरचढ झाला की दुबळा जवळजवळ पूर्ण दाबला जातो. रिपीटरच्या टेकडीखाली उभा असलेला पाच वॅटचा हँडहेल्ड (हातात धरायचा सेट) दूर काणकोणातल्या पन्नास वॅटच्या गाडीतल्या सेटला म्हणूनच सहज गप्प करतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सेटचं ‘रिव्हर्स’ बटण दाबून थेट १४५.००० ऐकायचं. तिथे सिग्नल आला तर प्रक्षेपक तुमच्या टप्प्यात आहे. वेगवेगळ्या गावांतल्या चार-पाच जणांनी एकाच वेळी हे केलं आणि कुणाला किती ऐकू येतं ते फोनवर कळवलं, तर अर्धा गोवा तिथेच वगळता येतो. फोनवरच, रेडिओवर नव्हे.

आता निरपराध मंडळी. सीटच्या फटीत माइक अडकला की बटण दाबलेलंच राहतं; इंजिनाची घरघर, गाडीतल्या गप्पा, इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. बऱ्याच रिपीटरमध्ये टाइमर असतो आणि सिग्नल ठरावीक वेळेपेक्षा लांबला की तो प्रक्षेपण तोडतो. हँडहेल्डमध्येही अशी सोय असते. ती एक-दोन मिनिटांवर लावून ठेवा.

किनारपट्टीवर दुसरा संशयित म्हणजे समुद्रावरची हवा. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत अरबी समुद्राच्या दमट हवेवर कोरड्या, उष्ण हवेचा थर बसतो आणि त्या सांध्यात व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झसारख्या) लहरी अडकून शेकडो किलोमीटर जातात. त्याच फ्रिक्वेन्सीवरचं दुसऱ्या राज्यातलं बोलणं मग पर्वरीत शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू येतं. हा सिग्नल मिनिटामिनिटाने हळूहळू चढतो-उतरतो आणि ॲन्टेना समुद्राकडे वळवली की जोरात येतो. अशा वेळी कुणाला शिव्या घालू नयेत. पलीकडच्यांनाही तुमचा तितकाच त्रास होत असतो. रिपीटरला ८८.५ हर्ट्झसारख्या सबटोनचं (बोलण्याखाली सोडलेला खालचा सूर; तो नसेल तर रिपीटर उघडत नाही) कुलूप लावलं की हा प्रश्न बहुतेक मिटतो. मुद्दामहून येणाऱ्याला मात्र ते कुलूप थोपवत नाही, कारण स्वस्त सेटही टोन काही क्षणांत स्कॅन करून देतो.

तिसरा संशयित तुमचाच रिसीव्हर. एका टेकडीवर अनेक मनोरे असले की जोरदार सिग्नल साध्या हँडहेल्डच्या अगदी पहिल्या टप्प्यातच एकमेकांत मिसळतात आणि प्रत्यक्षात हवेत नसलेला सिग्नल तयार होतो. चाचणी सोपी आहे. ॲन्टेना आणि एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा रिसीव्हर) यांच्यामध्ये १० डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल तेवढा कमी करणारा तुकडा, घाला. अडथळा १० डेसिबलनी उतरला तर तो खरा. साधारण ३० नी कोसळला तर तो रिसीव्हरच्या आत तयार झालेला, तिसऱ्या क्रमाचा (थर्ड ऑर्डर) मिश्रसिग्नल. रिपीटर सोडून हौशींच्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सतत गुरगुर येत असेल तर विजेच्या खांबांकडे पाहा: इन्सुलेटरवर मिठाचा थर साचून ठिणग्या पडतात, आणि पहिल्या जोराच्या पावसाने मीठ धुतलं गेलं की गुरगुर आपोआप थांबते.

एवढं करूनही आवाज उरला, शिवाय तो तुमच्या बोलण्याला उत्तर देतोय असं दिसलं, तर समोर माणूस आहे. त्याला हवी असते प्रतिक्रिया. रिपीटरवर त्याला दम देणं म्हणजे त्याची मेजवानीच. नेहमीसारखं बोलत राहा किंवा रिपीटर सांभाळणाऱ्याला तो काही वेळ बंद ठेवू द्या. उलट जॅमिंग तर मुळीच नको, कारण मग नियम मोडणारे दोन होतात.

शोधण्यासाठी पोलादी मोजपट्टीची तीन घटकांची यागी (एका दिशेने जास्त ऐकणारी ॲन्टेना) पुरते. अडीच सेंटीमीटर रुंदीची पट्टी आणि अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप घ्या. परावर्तक १०६ सेंमी, पुढचा डायरेक्टर ९० सेंमी, मधल्या घटकाचे साडेपंचेचाळीस सेंमीचे दोन तुकडे आणि त्यांच्यात अडीच सेंमी फट. परावर्तक ते मधला २०.५ सेंमी, मधला ते डायरेक्टर ३२ सेंमी. फटीवर सुमारे १३ सेंमी तार यू आकारात वाकवून डाखायची आणि तिथेच कोॲक्स (सेटकडे जाणारी केबल) जोडायची. पट्टीचा रंग खरवडला नाही तर डाख धरत नाही. आणि सांधा सिलिकोनने बंद केला नाही तर आपल्या खाऱ्या हवेत तो लवकरच गंजतो. घटक उभे धरायचे, कारण हँडहेल्डच्या लहरी उभ्या ध्रुवणाच्या असतात. सिग्नलचा शिखरबिंदू पसरट असतो. मागच्या बाजूने सिग्नल बुडतो ती दिशा जास्त नेमकी मिळते.

दोन-तीन ठिकाणांहून घेतलेल्या दिशांच्या रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक, म्हणून दिशा कुठून घ्यायच्या यावर सगळं ठरतं. पर्वरी, वेर्णा आणि पारोड्याचा चंद्रनाथ ही उंच ठिकाणं सोयीची खरी, पण ती जवळपास एकाच तिरक्या रेषेत पडतात. पणजी–मडगाव पट्ट्यातल्या प्रक्षेपकासाठी त्यांच्या रेषा एकमेकींना फार लहान कोनात छेदतात. पर्वरी, मुरगावचा सडा आणि फोंडा हा त्रिकोण त्यापेक्षा बरा. दहा किलोमीटरवर पाच अंशांची चूक म्हणजे सुमारे पावणेनऊशे मीटर, आणि छेदनकोन तीस अंशांचा असेल तर चूक दुप्पट. झुआरीचा पूल, नदीतले बार्ज, लोखंडी छपराच्या शेड हे सगळे लहरी परतवतात, म्हणून दिशा मोकळ्या पठारावरून घ्या आणि दहा-वीस पावलं सरकून पुन्हा तपासा. तीच दिशा टिकली तरच लिहा.

जवळ गेल्यावर मीटर टोकाला जाऊन चिकटतो. उपाय म्हणजे ऑफसेट ॲटेन्युएटर: ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर, एक १एन४१४८ डायोड आणि एक किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध). १४५ चा सिग्नल ४ शी मिसळून १४९ वर येतो. सेट १४९ वर लावायचा आणि पॉटने ताकद कमी करत जायची. ही जोडणी असताना बोलायचं बटण दाबलं तर डायोड गेलाच.

इथून पुढे काम सरकारचं. दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन तक्रारी तपासते, परवाने त्याच विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते. परवानाधारकावर १९७८ चे हौशी सेवेचे नियम लागू होतात: कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह) सांगणं बंधनकारक, संगीत आणि जाहिरात निषिद्ध, नियम मोडले तर परवाना रद्द होऊ शकतो. ओळख न देता किंवा फसवे सिग्नल सोडण्याला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या पंधराव्या कलमातही मनाई आहे. विनापरवाना प्रक्षेपक बाळगण्याला १९३३ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बेकायदा वॉकीटॉकींवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परवाना न लागणारे सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. १४५ वर ‘तसलाच एक’ वापरणाऱ्याला बहुधा हा फरक ठाऊकच नसतो, आणि त्याला समजावून सांगितलं की प्रश्न सुटतो.

तक्रारीत वेळ भारतीय आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दोन्हींत, फ्रिक्वेन्सी, रिपीटरचं आउटपुट ऐकलं की इनपुट, मोजण्याचं ठिकाण, दिशा आणि ध्वनिमुद्रण द्या. एसडीआरने कच्चं रेकॉर्डिंग करताना सेकंदाला २४ लाख नमुने घेतले तर तासाला सुमारे १७ जीबी भरतात. अडीच लाखांवर आणलं तर पावणेदोन जीबीच्या आसपास, आणि एका चॅनेलला ते भरपूर झालं. संशयिताचं नाव मोजमापांच्या तक्त्यात घालू नका, रेडिओवर घेऊ नका आणि रेषा ज्या वाड्यावर जुळल्या तिथल्या कुणाचं दार वाजवू नका. नकाशावर दोनशे मीटरचं वर्तुळ काढून तो अर्जाला जोडा.