खरेदीखत झालं, तरी सातबाऱ्यावर नाव का लागत नाही? शेतजमिनीची नोंद, नोटिसा आणि लागणारे कागद

खरेदीखत नोंदवलं, इंडेक्स टू (दस्त नोंदवल्याचा उतारा) हातात आला, की व्यवहार संपला असं तालुक्याच्या गावांत बहुतेकांना वाटतं. मग काही महिन्यांनी माणूस सोसायटीत पीककर्जाला जातो. सातबारा काढला तर त्यावर अजून विकणाऱ्याचंच नाव असतं, फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद) एक तर नामंजूर झालेला असतो नाहीतर तक्रारीत अडकलेला. पैसे देऊन झालेले असतात आणि विकणारा आता फोन उचलत नाही. तहसीलबाहेर अर्ज लिहून देताना हे वारंवार समोर येतं. घोटाळा सहसा दोन जागी असतो: खरेदीआधी न वाचलेल्या सातबाऱ्यात, आणि खरेदीनंतर न बजावलेल्या नोटिशीत. म्हणून त्या दोन गोष्टी सविस्तर सांगतो, बाकीचं थोडक्यात.

घेणारा शेतकरी हवा

शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. विदर्भ आणि मराठवाड्याचे कुळकायदे वेगळे आहेत. पुरावा म्हणून स्वतःच्या नावाचा सातबारा किंवा आठ-अ चा उतारा लागतो, किंवा तहसीलदारांचा शेतकरी दाखला.

अडतं ते इथे. घरची जमीन असते, पण उतारा आजोबांच्या नावाचा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वारसनोंद कुणी केलेली नाही. 'आम्ही पिढ्यान् पिढ्या शेतकरीच' हे खरं असलं तरी कागद तसं म्हणत नाही. आधी मृत्यूदाखला लावून वारसनोंद करून घ्या, मग जमीन बघायला निघा. वारसाहक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यावी असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही, नोंद नंतरही होते, त्यामुळे 'आता उशीर झाला' म्हणून गप्प बसू नका. पुरावा नसताना कसंतरी खरेदीखत उरकलं, तर तहसीलदार कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८४-क खाली चौकशी लावू शकतात आणि गोष्ट जमीन सरकारजमा होण्यापर्यंत जाऊ शकते.

विकणाऱ्याचा सातबारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी करून ठेवतात. अडचणी 'इतर हक्क' या रकान्यात असतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. विसार देण्याआधी तो ताजा काढा. विकणाऱ्याने आणलेली जुनी झेरॉक्स चालवून घेऊ नका.

पहिली अडचण बोजाची. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज फेडून वर्षं झालेली असतात, नील दाखलाही मिळालेला असतो, पण तो घरच्या पत्र्याच्या पेटीत. तलाठ्याकडे तो दिलाच नाही, मग बोजा कमी कसा होणार? कर्ज फिटलं की बोजा आपोआप निघतो, हा समज सोडा. दाखला लावून बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो. ई-हक्क प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. (तलाठ्यांचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात, मीही तोच शब्द ठेवतो.)

दुसरी, भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते. वर्ग १ असेल तर प्रश्न नाही. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि परवानगी दस्ताच्या आधी लागते. 'आधी खरेदी करू, परवानगी मागाहून आणू' म्हणणाऱ्या मध्यस्थाला तिथेच नमस्कार करा. आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे नियम याहून कडक आहेत. तिथे परवानगीशिवायच्या व्यवहारात जमीन मूळ मालकाकडे परत जाते, आणि जायलाच हवी.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा असतो. हा शेरा बघून चांगले व्यवहार मोडलेले पाहिले आहेत, आणि तो न बघता झालेले व्यवहार रखडलेलेही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२-म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) मिळून दहा वर्षं झाली असतील तर विक्रीसाठी पूर्वपरवानगी लागत नाही. जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा सरकारला भरावा लागतो. आकार मुळात काही रुपयांत असतो, त्यामुळे या रकमेला घाबरण्याचं कारण नसतं. पण नजराणा विक्रीआधी भरायचा. नेमका हाच क्रम लोक उलटा करतात.

'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता हा शेराही असाच राहून जातो. ज्याच्या नावापुढे अज्ञान म्हणून लिहिलंय तो आता नातवंडं खेळवतो, पण कागदावर तो अजून लहानच. शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा देऊन शेरा काढता येतो. अडाणी राहिलेल्या माणसाकडे शाळेचा दाखला कुठून येणार, असं विचारतात. त्यांनी इतर सरकारी कागदांवरचं वय दाखवून तलाठ्याशी आधीच बोलून घ्यावं, दस्ताच्या आदल्या दिवशी नव्हे.

नावातला फरक वरवर किरकोळ वाटतो. सातबाऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. गावाला माहीत आहे की माणूस एकच, पण मंडळ अधिकाऱ्याने (तलाठ्याच्या वरचा, फेरफार मंजूर करणारा अधिकारी) ते कशावरून धरायचं? दस्तातच 'उर्फ' म्हणून दोन्ही नावं लिहा आणि तसं प्रतिज्ञापत्र जोडा. संगणकीकरणात झालेली अक्षराची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा.

बहिणींची नावं

सगळ्यात जास्त हरकती इथूनच येतात. वडील गेल्यावर भावांनी आपलीच नावं लावून घेतलेली असतात, बहिणी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील ती दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला हयात असण्याची अटही नाही हे स्पष्ट केलं. तरी भाऊ 'तिने तोंडी सोडलंय' म्हणतात. तोंडी हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. घेणाऱ्याने वडिलांच्या निधनानंतरचा वारसाचा फेरफार काढून वाचावा, त्यात मुली आहेत का बघावं, नसतील तर सरळ विचारावं. बहिणीला दस्तात संमती देणार किंवा विकणार म्हणून सही करायला बोलवा, तिचा हिस्सा तिला मिळू द्या. यात घेणाऱ्याचंही भलं आहे.

किती गुंठे

तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे वेगळा विकता येईल असा लहानात लहान तुकडा, २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. त्याहून लहान तुकडा वेगळा विकला की नोंद अडते. विहीर, शेतरस्ता किंवा घरकुल यांसाठी लहान तुकड्याला वाट ठेवली आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने. सामाईक सातबाऱ्यातला 'रस्त्याकडचा एकर' म्हणून विकत घेतलात तरी वाटप झालेलं नसेल तर मिळतो तो अविभक्त हिस्सा. रस्त्याकडची जागा कुणाची हे वाटपाशिवाय ठरत नाही.

दस्त

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरा, दोन साक्षीदार आणि ओळखीचे कागद घेऊन दुय्यम निबंधकांकडे जा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदी नव्हे. तो घेऊन कुणी 'नाव लावून द्या' म्हणत आलं की वाईट वाटतं, कारण पैसे बहुधा पूर्ण दिलेले असतात.

नोटिसा तीन, आणि तिन्ही वेगळ्या

वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस वकील देतात: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की', मग गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, आणि शेवटी सात, चौदा किंवा पंधरा दिवसांची मुदत. ही मुदत वकिलाने ठरवलेली असते. 'मुदतीत हरकत न आल्यास हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल' हे वाक्य छापलं म्हणून खऱ्या हिस्सेदाराचा हक्क संपत नाही. तो नंतरही कोर्टात जाऊ शकतो. घेणाऱ्याला या नोटिशीचा उपयोग इतकाच की आपण प्रामाणिकपणे चौकशी केली हे दाखवता येतं. म्हणून ती गावात खरोखर वाचल्या जाणाऱ्या पेपरात द्या आणि गट नंबर छापण्याआधी स्वतः तपासा. चुकीच्या गटाची नोटीस द्यायची तर तो खर्च कशाला करायचा? अशी नोटीस वाचून तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर लेखी, पुराव्याच्या प्रतींसह, रजिस्टर पोस्टाने पाठवा.

वर्तमानपत्रातल्या नोटिशीवर हरकत घेतली म्हणून फेरफार थांबत नाही. लोक इथेच फसतात. वकिलाला पत्र दिलं, आता तलाठी नोंद करणार नाही, असं समजून स्वस्थ बसतात. तलाठ्याला त्या पत्राची खबरही नसते.

दुसरी नोटीस चावडीवर लागते, तिसरी म्हणजे नमुना ९ ची, प्रत्येक हितसंबंधिताला बजावायची. दस्त नोंदवला की माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते आणि फेरफार क्रमांक पडतो. नोंदणीकृत दस्तासाठी त्यामुळे वेगळा अर्ज लागत नाही. मग महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस.

हे पंधरा दिवस कधीपासून? लोक खरेदीच्या तारखेपासून मोजतात. मोजायचे ते नोटीस बजावल्यापासून. एका जरी सहहिस्सेदाराला नोटीस पोचली नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करत नाहीत. नोटीस का पोचत नाही, तर दस्तात पत्ता 'रा. मु. पो.' इतकाच असतो, माणूस पुण्याला कामाला असतो, आणि पोस्टाचं पाकीट शेरा मारून परत येतं. महिने इथे जातात. त्यामुळे दस्तात सध्याचा पूर्ण पत्ता, पिन कोड, मोबाइल नंबर लिहून घ्या. फेरफार क्रमांक पडला की विकणाऱ्यांना सोबत घेऊन तलाठी कार्यालयात जा आणि नोटिशीवर तारखेसह सह्या होऊ द्या. शेवटच्या हप्त्याचा चेक त्या दिवशी द्यायचा ठरवलं तर माणसं येतातही. नोटीस निघाली का, हे 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडून बघता येतं. विकणाऱ्याच्या बहिणींनीही ते बघण्याची सवय ठेवावी.

पंधरा दिवस सरले म्हणजे नाव लागलं असंही नाही. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी लागते. 'साहेब मोजणीवर गेलेत', 'सर्व्हर नाही', 'पुढच्या आठवड्यात या' ही उत्तरं ऐकून शेतकरी मजुरी बुडवून फिरत राहतो. तोंडी फेऱ्या मारण्यापेक्षा फेरफार क्रमांक घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच असलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

हरकत आली तर

हरकत तोंडी असो वा लेखी, तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन हरकतदाराला लगेच लेखी पोच द्यायची असते. 'हरकत घेत नाही, कोर्टात जा' असं म्हणण्याचा अधिकार त्या टेबलाला नाही. तरी हरकत लेखीच द्या. मग सुनावणी होते, आणि असं प्रकरण शक्यतो वर्षाच्या आत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. सुनावणीच्या तारखेला हजर राहा. गैरहजेरीत गेलेले निकाल बरेच असतात. जमीन कुणाच्या मालकीची हा वाद मात्र मंडळ अधिकारी सोडवू शकत नाहीत, तो दिवाणी न्यायालयाचा विषय. म्हणूनच नोंद नामंजूर झाली तरी तेवढ्याने खरेदीखत रद्द होत नाही, आणि नोंद मंजूर झाली म्हणून सदोष मालकी निर्दोष होत नाही.

गावठाणातलं घर असेल तर

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागा, आणि खरेदीही नोंदणीकृतच करा.

अपील

मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, ६० दिवसांत अपील करता येतं. पुन्हा तलाठ्याकडे नवा अर्ज देऊन वाट बघत बसण्यात हेच दिवस निघून जातात. निर्णय कळला त्याच दिवशी सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका आणि त्याची पोच जपून ठेवा, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. मुदत टळलीच असेल तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा लागतो. त्यात आजारपण, नोटीस न मिळणं असं जे खरं कारण असेल ते कागदासह लिहा.